लॅबचा पीसी, आपली फाइल : वाचकांचे प्रश्न

सबमिशनचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. टर्मवर्कवर सही राहिलेली असते, लॅब पाचला बंद होणार असते आणि पेन ड्राइव्हमधलं फोल्डर उघडत नसतं. या वेळी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची पत्रं वेगळी काढली. प्रश्न निरनिराळे, पण बहुतेकांत गोम एकच : फाइल ‘सेव्ह’ केली, पण ती कुठे लिहिली गेली हे ठाऊक नाही. त्या पीसीच्या सी ड्राइव्हवर, विभागाच्या सर्व्हरवर, की अजून नुसती मेमरीत? घरच्या लॅपटॉपवर हा प्रश्न पडत नाही. लॅबमध्ये तोच आधी विचारायचा.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. आडवी रेघ पुढच्या अक्षराला चिकटून असते, मध्ये जागा सोडायची नाही.

प्रश्न : ऑटोकॅडचं ड्रॉइंग काल लॅबमध्ये डेस्कटॉपवर सेव्ह केलं. आज त्याच पीसीवर, त्याच लॉगिनने बसलो तर डेस्कटॉप कोरा. रिसायकल बिनमध्येही काही नाही. आमच्या आधीच्या बॅचवर संशय आहे.
— द्वितीय वर्ष स्थापत्य, सातारा

उत्तर : आधीच्या बॅचला सोडून द्या. टास्कबारच्या उजव्या टोकाला, घड्याळाशेजारी, पांढऱ्या अस्वलाचं बारीक चित्र आहे का बघा. दिसलं नाही तर तिथल्या छोट्या बाणावर क्लिक करा. अस्वल म्हणजे डीप फ्रीज. अस्वलावर लाल फुली नसेल तर ड्राइव्ह गोठवलेला आहे.

हे सॉफ्टवेअर डिस्कवरचं मूळ काही बदलू देत नाही. तुम्ही जे लिहिता ते बाजूच्या रिकाम्या जागेत जातं आणि कुठे काय ठेवलं याची तेवढी तात्पुरती नोंद राहते. पीसी रिस्टार्ट झाला की ती नोंद टाकून दिली जाते. म्हणून फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. संगणकाच्या लेखी ती कधी नव्हतीच. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर आणून रात्र घालवू नका, ड्रॉइंग पुन्हा काढणं लवकर होईल. आणि रिस्टार्ट म्हणजे फक्त तुम्ही केलेला नव्हे. लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली, किंवा संध्याकाळी मामांनी मेन स्विच पाडला, तरी फळ तेच.

मग ठेवायचं कुठे? बऱ्याच लॅबमध्ये सी गोठवलेला आणि डी मोकळा असतो, पण गृहीत धरू नका. डी वर दोन शब्दांची टेक्स्ट फाइल करा, पीसी रिस्टार्ट करा, फाइल आहे का बघा. एवढी चाचणी सत्राच्या पहिल्या प्रॅक्टिकललाच उरकायची. डी मोकळा निघाला तरी तो त्या एका पीसीचा. पुढच्या वेळी शेजारच्या मशीनवर जागा मिळाली की तुमची फाइल नाही. शिवाय तिथे कोणीही काहीही पुसू शकतं. विभागाने नेटवर्क ड्राइव्ह दिला असेल तर मूळ प्रत तिथे, आणि उठताना दुसरी प्रत स्वतःच्या ईमेलवर किंवा क्लाउडवर.

ऑटोकॅडची एक खोच यातच सांगतो. ते दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह करतं हे खरं, पण ती फाइल (एक्स्टेन्शन एसव्ही आणि पुढे डॉलरची खूण) सी ड्राइव्हच्या टेम्प फोल्डरमध्ये जाते. म्हणजे जिची गरज लाइट गेल्यावर पडते, ती लाइट गेल्यावरच नाहीशी होते. ‘सेव्हफाइलपाथ’ ही आज्ञा देऊन ती जागा डी वरच्या तुमच्या फोल्डरकडे वळवा आणि ‘सेव्हटाइम’ ५ करा. ही दोन्ही सेटिंगं विंडोजच्या रजिस्ट्रीत राहतात आणि रजिस्ट्री असते सी वर, त्यामुळे रिस्टार्टनंतर तीही पुसली जातात. दर प्रॅक्टिकलला बसल्या बसल्या ती पुन्हा द्यावी लागतील. तुम्ही स्वतः सेव्ह केलेल्या ड्रॉइंगशेजारी ‘बॅक’ एक्स्टेन्शनची फाइल असते, ती मात्र त्याच फोल्डरमध्ये राहते. मूळ फाइल बिघडली तर तिचं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी करा, एक सेव्ह मागची प्रत हाती लागते.

प्रश्न : विभागाच्या लिनक्स लॅबमध्ये पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनची पाटी येते. तीन पीसी बदलून पाहिले. मित्राचं लॉगिन त्याच पीसींवर चालतं. आठवडाभर मी काही नवीन सेव्हसुद्धा केलेलं नाही.
— अंतिम वर्ष संगणक, नांदेड

उत्तर : निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. पीसी बिघडला असता तर मित्रालाही अडला असता. तुमचं होम फोल्डर भरलं आहे. लिनक्स लॅबमध्ये ते बहुधा सर्व्हरवर असतं, प्रत्येक पीसी तेच फोल्डर ओढून आणतो, म्हणून तिन्ही ठिकाणी तोच अनुभव. लॉगिन झाल्यावर डेस्कटॉप उभा राहताना काही बारीक फाइली त्या फोल्डरमध्ये लिहाव्याच लागतात. जागा शून्य असेल तर त्या लिहिल्या जात नाहीत आणि सत्र सुरू होता होताच कोसळतं.

डेस्कटॉपशिवाय आत जायचा रस्ता असा. लॉगिनच्या पाटीवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल, त्यावर नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप होताना चांदण्यासुद्धा उमटत नाहीत, म्हणून कीबोर्ड बंद आहे असं समजू नका. आत गेल्यावर ‘कोटा -एस’. तुम्ही वापरलेली जागा, नरम मर्यादा, कडक मर्यादा आणि सवलतीची मुदत अशा क्रमाने आकडे दिसतील. वापरलेल्या आकड्याशेजारी चांदणी असेल तर मर्यादा ओलांडली आहे.

आता ‘काही सेव्ह केलं नाही’ याचं कोडं. नरम मर्यादा ओलांडली तरी काम चालू राहतं, पण घड्याळ सुरू होतं. ही मुदत सहसा ७ दिवसांची असते. ती संपली की नरम मर्यादाच कडक होते आणि एक बाइटही लिहिता येत नाही. तुम्ही जे भरलं ते मागच्या आठवड्यात. दार आज बंद झालं.

भरलं कशाने हे शोधायला ‘डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=१ | सॉर्ट -एच’. ती उभी रेघ उलट्या स्लॅशच्या बटणावर, शिफ्टसह. यादीत सर्वांत मोठं फोल्डर तळाला येतं, आणि नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली, एरवी न दिसणारी फोल्डरंही येतात. गुन्हेगार बहुधा तिथेच सापडतात. टिंब-कॅश म्हणजे ब्राउझर आणि पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारा प्रोग्राम) यांचा साठा. टिंब-लोकल, शेअर, ट्रॅश म्हणजे कचरापेटी. फाइल मॅनेजरमधून ‘डिलीट’ केलेलं सगळं तिथे बसून तुमची जागा खात असतं. त्याखाली कोंडा (पायथनची पॅकेजं सांभाळणारा प्रोग्राम), व्हीएस कोड या एडिटरची एक्स्टेन्शनं आणि सिम्युलेशनच्या निकालांच्या फाइली.

कॅश बिनधास्त उडवा, ती पुन्हा तयार होते. नुसतं ‘सीडी’ देऊन होममध्ये या, ‘पीडब्ल्यूडी’ देऊन खरंच तिथे आहोत ना ते पाहा, मग ‘आरएम -आर .कॅश’. इंटरनेटवर याच कामासाठी टिल्डने (~ ही खूण, अर्थ तुमचं होम) सुरू होणाऱ्या पत्त्यावरचं सगळं जबरदस्तीने पुसणारी आज्ञा दिलेली सापडते. ती देऊ नका. टिल्ड आणि पुढचा स्लॅश यांच्यात चुकून एक जागा पडली की ‘होममधलं कॅश’ याऐवजी ‘अख्खं होम, आणि शिवाय आणखी एक’ असा अर्थ होतो, आणि ‘नक्की का?’ असं कोणी विचारत नाही. जागा झाली की ‘एक्झिट’ देऊन कंट्रोल, ऑल्ट, एफ१ ने परत या. तिथे पाटी नसेल तर एफ२.

जागा उरलेली दिसते आणि तरीही हाच त्रास होतोय, असं झालं तर कोटाच्या ओळीत पुढचे आकडे बघा. काही विभाग फाइलींच्या संख्येवरही मर्यादा घालतात. पायथनचं एक आभासी एन्व्हायर्नमेंट किंवा वेबच्या प्रोजेक्टमधलं नोड मॉड्यूल्स म्हणजे हजारो चिमुकल्या फाइली. आकारात कमी, संख्येत भारी.

अंतिम वर्ष संगणक म्हणजे डीप लर्निंगची लायब्ररी टाकली असणार, असा आमचा अंदाज. जीपीयूसाठीच्या लायब्ररी काही जीबी घेतात, आणि पिप त्यांची एक प्रत कॅशमध्येही ठेवतो. इन्स्टॉल करताना ‘--नो-कॅश-डिर’ जोडा. विभागाने स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या कामासाठीची मोकळी जागा) दिली असेल तर एन्व्हायर्नमेंट तिकडे बांधा आणि होममध्ये फक्त ‘पिप फ्रीझ’ची यादी ठेवा. एन्व्हायर्नमेंट एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलं तर चालत नाही, आत जुने पत्ते कोरलेले असतात. यादीवरून नवीन बांधायचं. उबुंटू २३.०४ पासून साधं ‘पिप इन्स्टॉल’ दिलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असा नकार येतो. त्यावर तोडगा म्हणून सिस्टिमचं पायथन मोडायची परवानगी देणारा पर्याय तोच संदेश सुचवतो. सार्वजनिक मशीनवर त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह’ आणि पुढे फोल्डरचं नाव, एवढं पुरतं.

प्रश्न : प्रोजेक्टचं मॅटलॅबमधलं गणित नऊ-दहा तास चालतं. स्क्रीन लॉक करून ‘कृपया बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून गेलो. सकाळी पीसी बंद, चिठ्ठी जागेवर. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या वेळी लॉक करून ठेवलं तर वर्गाने तक्रार केली. करायचं काय?
— अंतिम वर्ष यंत्र, कोल्हापूर

उत्तर : वर्गाचं बरोबर आहे. त्यांची बाजू आधी सांगतो, कारण ती तुम्हाला दिसत नसणार. कॉलेजचं मॅटलॅब नेटवर्क लायसन्सवर असेल तर जागा मोजक्या असतात आणि लॉक केलेल्या स्क्रीनमागचं मॅटलॅब एक जागा अडवून बसतं. टूलबॉक्सचं आणखी विचित्र. ऑप्टिमायझेशन टूलबॉक्समधलं एक फंक्शन तुम्ही एकदा वापरलं की त्या टूलबॉक्सची एक जागा तुमच्या नावावर चढते आणि मॅटलॅब बंद करेपर्यंत उतरत नाही. मग शेवटच्या बाकावरच्या मुलीला ‘लायसन्स मॅनेजर एरर -४’ येते. तिचा अर्थ जागा संपल्या, एवढाच. रीइन्स्टॉल करून ती जात नाही.

आता तुमचे दहा तास. आधी ते खरोखर दहा आहेत का बघा. लूपच्या आत प्रत्येक फेरीला ॲरे एका घराने वाढत असेल, तर मॅटलॅबला वरचेवर नवीन जागा शोधून जुना माल तिकडे हलवावा लागतो. लूपच्या आधी ‘झीरोज’ने पूर्ण आकाराची जागा राखून ठेवा. मग ‘प्रोफाइल ऑन’ देऊन विसावा भाग गणित चालवा आणि ‘प्रोफाइल व्ह्यूअर’मध्ये कोणती ओळ वेळ खाते ते पाहा. लूपमध्ये दर फेरीला आलेख काढणं किंवा आकडे छापणं, ही दुसरी नेहमीची गळती.

एवढं करूनही तास उरले तर गणित मध्येच थांबणार हे धरूनच ते लिहा. दर दोनशे फेऱ्यांनी ‘सेव्ह’ करून फेरीचा क्रमांक, आतापर्यंतचे निकाल आणि रँडम आकडे वापरत असाल तर ‘आरएनजी’ची स्थिती फाइलमध्ये टाका. सुरुवातीला ती फाइल आहे का बघायचं. असेल तर तिथून पुढे. इथे एक बारकावा आहे. थेट जुन्या फाइलवर लिहू नका. लिहिता लिहिता लाइट गेली तर जुनीही गेली आणि नवीही अर्धवट. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, मग ‘मूव्हफाइल’ने नाव बदला. एवढी सोय झाली की चिठ्ठीची गरज उरत नाही. संध्याकाळी बंद, सकाळी पुढे चालू.

रात्रभर चालवायचंच तर लॅबच्या पीसीऐवजी विभागाच्या सर्व्हरवर, गाइडमार्फत परवानगी काढून. एसएसएचने (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) आत जा, ‘टीमक्स न्यू -एस गणित’ असं सत्र उघडा (नाव इंग्रजी अक्षरांत). मग ‘नाइस -एन १९ मॅटलॅब -बॅच’ आणि पुढे अवतरणचिन्हांत स्क्रिप्टचं नाव, एक्स्टेन्शन न लावता. बॅचचा हा पर्याय २०१९ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ‘नाइस १९’ म्हणजे इतर कोणाला प्रोसेसर हवा असला की तुमचं गणित बाजूला सरतं. कंट्रोल-बी दाबून सोडा, मग डी. सत्र मागे चालत राहतं आणि तुम्ही घरी जाऊ शकता. परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच -टी गणित’.

सुरू करण्याआधी ‘एनप्रॉक’ने कोअर किती ते बघा आणि ‘अपटाइम’ने भार. अपटाइमच्या शेवटी तीन आकडे येतात : मागच्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांचा सरासरी भार. आठ कोअरच्या सर्व्हरवर तो आधीच सात असेल तर थांबा. मॅटलॅब विचारल्याशिवाय सगळे कोअर घेतं, म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘मॅक्सनमकॉम्पथ्रेड्स’ला २ द्या (यात मात्र एन, सी आणि टी ही अक्षरं मोठी). आणि सिम्युलिंक किंवा खास टूलबॉक्स लागत नसतील तर गणित ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चालवून पाहा. बऱ्याच एम-फाइली (मॅटलॅबच्या स्क्रिप्ट) किरकोळ बदलांत चालतात, लूप जास्त असतील तर संथ चालतात, आणि लायसन्सचा प्रश्नच मिटतो.

प्रश्न : घरी काढलेला प्लॅन लॅबमध्ये प्रिंट केला. पिवळ्या रेघा जवळजवळ दिसतच नाहीत, १:१०० चा स्केल पट्टीने मोजला तर चुकतो, आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. त्यात प्रिंटरचा दिवा लुकलुकतोय आणि सगळे माझ्याकडे बघतायत.
— तृतीय वर्ष स्थापत्य, जळगाव

उत्तर : दिव्याचं आधी, कारण रांग तुमच्यामागे आहे. तुमच्या फाइलचं पान ‘लेटर’ आकाराचं असणार, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए४ आहे, २१० बाय २९७. प्रिंटर लेटर कागदाची वाट बघत थांबला आहे आणि मागची सगळी कामं अडली आहेत. प्रिंटरच्या रांगेतून स्वतःचं काम रद्द करा, पान ए४ करा, पुन्हा पाठवा. प्रिंटर बंद-चालू केल्याने काम जात नाही, ते पीसीच्या किंवा सर्व्हरच्या रांगेत बसलेलं असतं.

पिवळी रेघ स्क्रीनच्या काळ्या पार्श्वभूमीवर ठळक दिसते. कृष्णधवल प्रिंटरवर तिचा फिकट करडा होतो. प्लॉटच्या खिडकीत प्लॉट स्टाइल ‘मोनोक्रोम’ निवडा, सगळे रंग काळे छापले जातात.

स्केल दोनदा बिघडतो. एकदा ऑटोकॅडमध्ये ‘फिट टू पेपर’वर खूण असल्याने. ती काढा. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर १:१०० साठी कागदावरचा १ मिमी म्हणजे १०० युनिट. मीटरमध्ये काढलं असेल तर १ मिमी म्हणजे ०.१ युनिट, इथे बरेच जण घसरतात. दुसऱ्यांदा बिघडतो तो पीडीएफ छापताना, कारण वाचक सॉफ्टवेअर पान किंचित आक्रसून घेतं. तिथे ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा शंभर टक्के निवडायचं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कागदावर बरोबर १०० मिमी भरेल अशी एक रेघ काढून ठेवा. प्रिंटवर पट्टी लावली की सर विचारायच्या आत तुम्हाला कळतं.

प्रश्नचिन्हांचं कारण फॉन्ट. तुम्ही वापरलेला फॉन्ट लॅबच्या पीसीवर नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून निर्मला हा विंडोजसोबत येणारा फॉन्ट द्या, किंवा घरूनच पीडीएफ करून आणा. ड्रॉइंगच न्यायचं असेल तर ‘ईट्रान्समिट’ आज्ञा जोडलेली ड्रॉइंगं आणि प्लॉट स्टाइल एका झिपमध्ये बांधते. फॉन्टसाठी तिच्या सेटिंगमध्ये वेगळी खूण करावी लागते, ती विसरू नका. आणि लॅबमधलं ऑटोकॅड २०१३ ते २०१७ यांतलं असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये २०१३ चं स्वरूप निवडा. २०१८ पासूनचं स्वरूप जुन्या आवृत्त्या उघडत नाहीत.

प्रश्न : लॅबमध्ये लावल्यापासून पेन ड्राइव्हमधली सगळी फोल्डरं शॉर्टकट झाली आहेत. जर्नल त्यातच आहे.
— द्वितीय वर्ष विद्युत, अमरावती

उत्तर : जर्नल बहुधा शाबूत आहे. हा व्हायरस मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ च्या अपडेटने जुन्या विंडोजमध्येही बंद केली. त्यामुळे आता व्हायरसला तुमचा डबल-क्लिक लागतो, आणि शॉर्टकट तो मिळवून देतो. म्हणून त्यावर क्लिक करू नका, घरच्या पीसीवर तर मुळीच नाही.

जवळ लिनक्सचं मशीन असेल तर पेन ड्राइव्ह तिथे लावा. विंडोजची ‘लपवलेलं’ ही खूण लिनक्स सहसा मानत नाही, खरी फोल्डरं समोर दिसतात आणि हा व्हायरस तिथे चालत नाही. हवं ते कॉपी करा. विंडोजच हाताशी असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी एफ:\*.*’ द्या, एफच्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर. फोल्डरं दिसू लागली की फक्त कागदपत्रं उचला. शॉर्टकट आणि अनोळखी प्रोग्राम तिथेच राहू द्या. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. लॅब असिस्टंटना पीसीचा नंबर कळवा आणि डी ड्राइव्ह तपासायला सांगा. डीप फ्रीज असलेल्या पीसीचा सी रिस्टार्टने साफ होतो, व्हायरस मुक्काम ठोकतो तो मोकळ्या डी वर.

जाता जाता : लिनक्सवर कॉपीची पट्टी शंभरला पोचली म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर पोचली असं नाही, बराच भाग अजून मेमरीत असतो. ‘इजेक्ट’ करा आणि संदेश येईपर्यंत थांबा. आणि फॅट३२ पेन ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, कितीही जागा रिकामी असो.

प्रश्न : अर्डुइनो नॅनो लॅबच्या पीसीवर अपलोड होत नाही. ‘नॉट इन सिंक’ येतं. घरी चालतं.
— तृतीय वर्ष अणुविद्युत, रत्नागिरी

उत्तर : क्रमाने जा. केबल बदला, काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. बोर्ड काढून-लावून पोर्टच्या यादीतलं कोणतं नाव जातं-येतं ते बघा, तेच निवडा. ० आणि १ या पिनांवर काही जोडलं असेल तर अपलोडपुरतं काढा, अपलोड त्याच तारांवरून होतं. नॅनोची प्रतिकृती असेल तर टूल्समध्ये प्रोसेसर ‘ओल्ड बूटलोडर’ करून पाहा. तुमच्या घरच्या आणि लॅबच्या सेटिंगमधला फरक बहुधा हाच.

पोर्टच दिसत नसेल तर स्वस्त नॅनोवरची सीएच३४० चिप आणि तिचा ड्रायव्हर. डीप फ्रीजच्या पीसीवर तुम्ही टाकलेला ड्रायव्हर रिस्टार्टला जाणार, म्हणून तो असिस्टंटनीच ड्राइव्ह मोकळा करून टाकायला हवा. लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तुमचं खातं ‘डायलआउट’ गटात घालून घ्या, आणि घातल्यावर एकदा लॉगआउट करा. नाहीतर बदल लागू होत नाही. उबुंटू २२.०४ वर पोर्ट क्षणभर दिसून गायब होत असेल तर ब्रेल डिस्प्लेचा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम त्या चिपला आपलं उपकरण समजून पकडतो. दृष्टिहीन विद्यार्थी ते मशीन वापरत नसतील तर असिस्टंट तो काढून टाकू शकतात.

सर्वो मोटर मात्र यूएसबीच्या जिवावर चालवू नका. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी असतो आणि अडकलेला छोटा सर्वोही तेवढा सहज ओढतो. मोटरला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र बोर्डशी जोडा.

प्रश्न : प्रिंट काढायला लॅबच्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडून आले. फोन बंद ठेवला तर चालेल ना?
— द्वितीय वर्ष माहिती तंत्रज्ञान, सोलापूर

उत्तर : नाही. जोडलेलं उपकरण फोन बंद असतानाही चालतं. फोन १४ दिवस वापरलाच नाही तर मग ते सुटतं. आत्ता फोनवर व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा, तो ब्राउझर निवडा, लॉग आउट. जीमेल सोडून आला असाल तर गूगल खात्यात सुरक्षेच्या पानावर ‘युअर डिव्हायसेस’मधून तसंच करा.

पुढच्या वेळी क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून खाजगी खिडकी उघडा. अशा दोन खिडक्या उघडल्या असतील तर दोन्ही बंद केल्याशिवाय लॉगिन पुसलं जात नाही. आणि छापण्यासाठी उतरवलेली पीडीएफ खाजगी खिडकीतूनही डाउनलोड्समध्ये राहतेच. परीक्षा फॉर्मच्या दिवसांत लॅबच्या डाउनलोड्समध्ये आधार कार्डांची रास पडलेली असते ती अशीच. शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये थांबत नाही.

प्रश्न : एका पीसीवर कुठलीही वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, शेजारच्यावर सगळं नीट. प्रोग्राम ‘मेक’ केला तर ‘क्लॉक स्क्यू’चा इशारा येतो.
— तृतीय वर्ष संगणक, लातूर

उत्तर : त्या पीसीची तारीख बघा, काही वर्षं मागे असेल. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि पीसीच्या लेखी ती अजून सुरूच झालेली नाही. प्रोग्राम बांधताना फाइलींच्या वेळा बघणाऱ्या ‘मेक’लाही सर्व्हरवरच्या फाइली भविष्यातल्या वाटतात. तारीख दुरुस्त करून उपयोग नाही, मेन स्विच बंद झाला की पुन्हा तेच. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. ती बदलायला असिस्टंटना पाच मिनिटं लागतात. तोवर त्या पीसीवर बसून ब्राउझरचा इशारा ओलांडत पासवर्ड टाकत जाऊ नका.